कांद्याची सालं

सिंकखालच्या कपाटात
फिनाइलच्या बाटलीमागे
नाडीने बांधलेली उशीची खोळ सापडली.
क्लारामावशीला वाटलं, दागिने.
आत कांद्याची सालं.
तांबूस, सुकलेली,
हात घातला की कुरकुरणारी,
उचलली तर वजनच नाही.

नोना मंगळवारी गेली, दिवेलागणीला.
इझमिरच्या खाडीत फेरीबोट वळत होती
आणि ती म्हणाली,
खिडकी लावा, मासळीचा वास येतोय.
हे तिचं शेवटचं वाक्य.
मोरेनोमामा म्हणतो, शेवटचं नव्हे,
नंतर ती लादिनोत काहीतरी पुटपुटली.
पण मामाला लादिनो येत नाही,
आणि घरात जिला येत होती
तिला आता विचारता येत नाही.

बाजारात ती कांदे घ्यायची अर्धा किलो
आणि सालं मागायची पोतंभर.
भाजीवाला म्हणायचा, आजी, बकऱ्या पाळल्यात का?
चार आहेत, ती म्हणायची,
आणि आम्हा नातवंडांकडे बोट करायची.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत
पातेल्यात सालं, अंडी, चमचाभर कॉफी, तेलाची धार.
मग रात्रभर मंद आच.
शनिवारी पुरुष सिनेगॉगमधून परत यायचे
तोवर अंडी खजुराच्या रंगाची झालेली.
ती टेबलावर नाही फोडायची.
ज्याची पाळी त्याच्या कपाळावर, टक्,
आणि आम्ही रडायचंही विसरून
दुसऱ्याच्या कपाळाची वाट बघायचो.

आरशावर टेबलक्लॉथ टाकला.
दुःखाच्या घरी पहिला घास
परक्या चुलीवरचा हवा,
आणि अंडं हवं, कारण त्याला तोंड नसतं,
तसंच आपल्यालाही त्या दिवशी नसतं.
खोळ घेऊन मी शेजारी सादेतकडे गेले.
तिने विचारलं, किती तास शिजवायची?
मी गप्प.
एकतीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात
हा प्रश्न मी नोनाला विचारलाच नव्हता.
आईलाही माहीत नव्हतं. मावशीलाही.
सादेतने खोळीत नाक घातलं, डोळे मिटले.
म्हणाली, भिंतीतून वास यायचा ना,
संध्याकाळच्या बांगेला सुरू व्हायचा
आणि पहाटेच्या बांगेला मी उठायचे
तेव्हाही असायचा.
तेवढा वेळ ठेवते.

त्या रात्री आम्ही नोनाजवळ बसलो होतो
आणि भिंतीतून वास आला.
उलट्या बाजूने, पहिल्यांदाच.

बुधवारी दफनाआधी
हाझानने आईच्या ब्लाउजची कॉलर धरली,
दुःखाने फाडायची असते म्हणून.
फाटेना.
नोनाने शिवलेला ब्लाउज,
दुहेरी टीप, वर आणखी हातशिलाई.
तीनदा ओढून झाल्यावर
त्याने खिशातून छोटी कात्री काढली.
कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.

टेकडीवरून परतलो. बुटांना लाल माती.
आई बुटक्या स्टुलावर बसली,
सदुसष्ट वर्षांची,
दुपारपासून कुणाचीच मुलगी नसलेली.
सादेतने परातीत अंडी आणून ठेवली.
कुणी हात लावेना.
फोडायची कशी, हेच कुणाला सुचेना.
मग आईने एक उचललं
आणि स्वतःच्याच कपाळावर आपटलं.

टक्.

दोन दिवसांत ती शब्द बोलली नव्हती.
तिने सोललं, आतला फिका तपकिरी रंग
खिडकीच्या उजेडात धरून पाहिला,
एक घास चावला, आणि म्हणाली
(तोच स्वर, नाकात किंचित अडकलेला,
मावशीने चमकून दाराकडे पाहिलं),
रंग पुरता उतरला नाही.

सादेतला राग आला नाही.
पदराला हात पुसत ती म्हणाली,
पुढच्या शुक्रवारी आच आणखी बारीक ठेवीन.
सालं अजून पुष्कळ आहेत.